कोकूच्या पानाची कड

तो पहिल्यांदा माझ्या दुकानावरून गेला तेव्हा मला वाटलं, याच्या मागे कुत्रा लागलाय.

सकाळचे सहा वाजले होते. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, असुन्सिओनमध्ये सहालाच कपाळावर घाम. मी आंब्याखाली टेबल मांडून टोपल्या लावत होते, आणि हा मनगटावरच्या घड्याळात डोळे खुपसून तरातरा चढण चढत आला. त्याचा पाय माझ्या टोपलीला लागला आणि सगळा पुदिना रस्त्यावर पसरला.

"अहो, कुठे आग लागलीय?"

"माफ करा… डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय."

"चालायला सांगितलंय ना? मग हे काय चाललंय?"

तो ओशाळून खाली बसला आणि एकेक काडी उचलू लागला. बोटं लांब, नखांत पांढरी भुकटी. काडी अशी उचलत होता, की जणू तिला दुखेल. एवढ्या घाईच्या माणसाची एवढी सावकाश बोटं… मला गंमत वाटली. कळलं ते असं, की त्याचं नाव एल्विओ, गाव दक्षिणेतलं पिलार, आणि धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. दिवसभर दिव्याखाली मान घालून बसायचं. मान आखडली, झोप उडाली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला रस्त्यावर काढलं.

मी विचारलं, घरापासून इथवर येताना काय काय पाहिलंत?

"काही नाही… रस्ता."

"रस्ता बसमधूनही दिसतो."

मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. माझी आजी याच टेबलामागे उभी राहायची, मग आई, आता आईबरोबर मी. लोक थर्मास घेऊन येतात, कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाचं डोकं चढलेलं. आम्ही उखळात पाला कुटून देतो, तो बर्फाच्या पाण्यात पडतो, आणि आळीला दिवसभर घोट घोट प्यायचा गार तेरेरे तयार होतो. या टेबलावरून कुणाला चुकीचं पान गेलं, असं आजवर झालेलं नव्हतं. कारण दुकान मांडण्याआधी आम्ही आळीतून एक फेरी मारतो. कुठल्या भिंतीला काय उगवलंय ते बघायचं, पान उलटून बोटानं चाचपायचं, चुरगळून वास घ्यायचा. पायांना घाई करू द्यायची नाही. आईनं मला एवढंच शिकवलं, आणि तेवढं पुरतं.

तर मी त्याच्याशी पैज लावली. रोज येताना एक गोष्ट बघून यायची आणि मला सांगायची. खरी असली तर थर्मासमध्ये पुदिना, थाप असली तर कडू काढा.

पहिले तीन दिवस तो कडू काढा प्यायला. चौथ्या दिवशी तो धापा न टाकता आला.

"खालच्या वळणावरच्या गुलमोहराखाली मुंग्या पाकळ्या वाहून नेतायत. फक्त लाल. पिवळे ठिपके असलेली पाकळी तिथंच टाकून देतात."

मी त्याला पुदिना दिला. दुसऱ्या दिवशी जाऊन मुंग्या बघूनही आले, कारण मला ते ठाऊक नव्हतं. त्याला अर्थातच सांगितलं नाही.

मग तो रोज थोडा उशिरा येऊ लागला, कारण वाटेत थांबायला लागला होता. आंबा पत्र्यावर पडला तर आवाजावरून पिकलेला की कच्चा ते सांगायचा. संत्र्याच्या झाडाच्या सालीवर गाल टेकवून बघितला, म्हणाला, सावलीकडची बाजू अजून रात्रीइतकी गार आहे. लोकांनी पाहिलं असेल ना, मी विचारलं. पाहू देत, म्हणाला. झोप लागायला लागली होती त्याला. मान वळवून माझ्याकडे बघता येत होतं, आणि तो बरंच बघत होता.

आळीच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यातून दोन्या फिदेलिना, म्हणजे फिदेलिनाबाई, निवृत्त शाळामास्तरीण, त्यांच्या नजरेतून तर नाहीच. आमच्याकडे पितोग्वे पक्षी ज्या दारात ओरडतो त्या घरी पाळणा हलणार, असं पक्कं मानतात. एके सकाळी तो नेमका माझ्या आंब्यावर बसून ओरडू लागला.

"निमिया," दोन्या फिदेलिना थर्मास पुढे करत म्हणाल्या, "हा मघापासून बोंबलतोय. आई काकुपेला गेली आणि तू काय उद्योग मांडलेस?"

"आंबे खायला येतो तो."

"तो कवळीवाला पण आंबे खायलाच येतो का?"

कवळीवाला माझ्या शेजारीच उभा होता. कानापर्यंत लाल झाला… आणि हलला मात्र नाही.

आई खरंच काकुपेला गेली होती. मावशीचा पाय मोडला होता, म्हणून दोन आठवडे दुकान माझ्या एकटीच्या हातात. आणि त्याच दोन आठवड्यांतल्या एका बुधवारी मी माती खाल्ली.

त्या दिवशी मी केस धुतले, निळा ब्लाऊज इस्त्री केला. या नादात पहाटेच्या घाऊक बाजारात उशिरा पोचले. पोटासाठी देतो त्या कोकूच्या पाल्याची मोळी उचलली, दोर बघितला, पान बघितलंच नाही. फेरीही मारली नाही. सहाच्या आत टेबलामागे उभं राहायचं होतं, तो यायच्या आधी. दुसऱ्यांना सावकाश बघायला शिकवणारी मी, आणि मला दिसत होता तो फक्त आरसा.

तो आला तेव्हा बऱ्याच जुड्या गेल्या होत्या. टेबलापाशी तीन बायका उभ्या. त्यानं सहज एक काडी उचलली, बोटांत फिरवली आणि पानाची कड नखानं चाचपली.

"निमिया… या पानांच्या कडेला दात नाहीत."

"कवळ्या करा तुम्ही," मी म्हटलं. "पानं मला कळतात."

बायका हसल्या. तो हसला नाही, रागावलाही नाही. कालच्या टोपलीतली एक काडी काढून त्यानं नव्या काडीशेजारी ठेवली. दोन्हींना एका देठावर तीन-तीन पानं. कालच्या पानांची कड बारीक करवतीसारखी, आजच्यांची गुळगुळीत. मी पान चुरगळलं. वास दुसराच.

ते विष नव्हतं, पण माणसाला दोन दिवस पोट धरून बसवणारं होतं. आजीचं नाव, आईचं नाव, सगळं माझ्या एका ब्लाऊजपायी गेलं, एवढंच डोक्यात होतं.

जुड्या परत आणायच्या होत्या, आणि कुणाकुणाला दिल्या ते मला काही केल्या आठवेना. मी उतारावरून धावत सुटले. त्यानं मला हाक मारून थांबवलं. फोन करून कामावर उशीर होईल असं कळवलं आणि म्हणाला, "धावून काय होणार? हळू चल. दारं बघत जाऊ."

तो पहिल्यांदा मला एकेरी बोलला होता, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

आम्ही हळू चाललो. प्रत्येक कुंपणापाशी थांबलो. जास्वंदीच्या कुंपणापाशी आठवलं, या बाईनं जुडी कमरेच्या एप्रनात खोचली होती. पपईच्या झाडापाशी आठवलं, इथल्या आजोबांनी दोन मागितल्या होत्या. शिंपल्यांनी मढवलेल्या कुंडीपाशी तिसरं घर. अशी एकेक जुडी हातात येत गेली. प्रत्येक दारात मी म्हणत होते, बदलून देते, आणि कारण पुटपुटत होते.

शेवटचं घर दोन्या फिदेलिनांचं. ओसरीवर चौघीजणी गोल बसलेल्या, बर्फाचा जग किणकिणतोय, शिंगाचा पेला दोन्या फिदेलिनांच्या हातात आणि नळी ओठांशी.

फाटकापाशी एल्विओ माझ्या कानाशी वाकला. "मी सांगतो, पाला माझ्या हातून मिसळला. माझं इथे ना दुकान, ना नाव… माझं काय जातंय?"

क्षणभर मोह झाला. झाला नाही असं तुम्हाला खोटं कशाला सांगू?

"नको. दुकान माझं आहे, चूकही माझीच."

मी ओसरीच्या पायरीशी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दोन्या फिदेलिना, ते पिऊ नका. मी तुम्हाला चुकीचं पान दिलंय. सकाळी मी बघितलं नाही."

त्यांनी पेला खाली ठेवला. "एक घोट झालाय माझा."

"दुखतंय का पोट?"

"अजून नाही. दुखलं तर सगळ्या आळीला ऐकू येईल."

बाकीच्या तिघी एकमेकींकडे बघत होत्या. त्या बघण्याचा अर्थ मला नीट कळत होता.

आळी पालथी घालून परत येताना भर दुपार. सगळं असुन्सिओन दारं लावून झोपलेलं. रस्त्यावर आम्ही दोघं आणि संत्र्यांच्या सावल्या. तो माझ्या पावलाशी पाऊल जुळवत चालत होता. मग थांबला.

"डॉक्टरांनी अर्धा तास सांगितला होता. मी दोन तास चालतो. उरलेला दीड तास… तो तुझ्यासाठी असतो, निमिया. मला तू आवडतेस. सकाळी तू रागावलीस तेव्हाही आवडलीस."

मी परत आणलेल्या जुड्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"आज नको विचारूस. उद्या त्या टेबलापाशी कुणी आलं नाही तर लोक म्हणतील, पोरगी प्रेमात पडली आणि आजीचं दुकान बुडवलं. तसं झालं तर मी कुणालाच हो म्हणणार नाही. तुलाही नाही."

"आणि आले तर?"

"तर बघू."

त्या रात्री मी झोपले नाही. पहाटे बाजारात प्रत्येक पान उलटलं, प्रत्येक कड बोटानं चाचपली. मग आळीतून अख्खी फेरी मारली, एकही भिंत सोडली नाही. केस तसेच बांधले.

सहा वाजले, कुणी नाही. साडेसहा झाले. समोरच्या रस्त्यानं दोन बायका थर्मास घेऊन गेल्या आणि थांबल्या नाहीत. एल्विओ आला आणि त्यानं गुपचूप आपला थर्मास पुढे केला.

"दयेचं गिऱ्हाईक नकोय मला," मी म्हटलं.

"मग मी नुसता उभा राहतो."

तो नुसता उभा राहिला. तेवढा वेळ मला वर्षाएवढा वाटला.

सातच्या सुमाराला दोन्या फिदेलिना चढण चढत आल्या. मागे कालच्या तिघी, त्यांच्या मागे ते पपईवाले आजोबा, आणखी दोन-चारजण. दोन्या फिदेलिनांनी थर्मास टेबलावर आदळला.

"पोट ठणठणीत आहे. रात्री तुझ्या आईला फोन केला मी."

"काय म्हणाली?"

"मी तिला म्हटलं, तीस वर्षं या टेबलावरून पाला नेतेय, पण दिलेलं परत घ्यायला भर उन्हात कुणी दारी आलेलं आत्ता पहिल्यांदा पाहिलं. तर म्हणाली, मी आणखी आठवडाभर बहिणीपाशी राहते, दुकानाची मला काळजी नाही." मग त्यांनी एल्विओकडे मान वळवली. "आणि हा तुझा कोण? काल फाटकाशी उभा होता, आजही उभा आहे."

सगळे ऐकत होते. बरं झालं ऐकत होते.

"हा एल्विओ. काल तुम्हाला यानं वाचवलं, मी नाही. बघायला माझ्याकडूनच शिकला आणि आता माझ्यापेक्षा नीट बघतो, याचा मला अभिमान आहे. आणि… माझं याच्यावर प्रेम आहे."

एल्विओ जागचा हलला नाही. कान तेवढे लाल.

"मग त्याला उभा काय ठेवलायस?" दोन्या फिदेलिना म्हणाल्या. "इथे माणसं खोळंबलीत. मुसळ दे त्याच्या हातात."

मी दिलं. तो माझ्या शेजारी, टेबलाच्या आतल्या बाजूला येऊन उभा राहिला. रांग आंब्याच्या सावलीबाहेर उन्हात गेली होती. मी मान ताठ केली आणि पुढचा थर्मास उघडला.