सात नंबरच्या गाईचा वास

“एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर... ए टिल्लू, शिंकू नकोस! चुकले ना मी!”

भिंगरीने कपाळावर हात मारला. गाईची कूस मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजायचं काम मावशीने सुट्टीत आलेल्या या पलटणीला दिलं होतं. घड्याळ मावशीच्या मुलाकडे, म्हणजे चष्मिसकडे. वही भिंगरीकडे. तिच्या धाकट्या भावाकडे, टिल्लूकडे, नुसताच उत्साह!

मावशी जनावरांची शास्त्रज्ञ. उकाड्यात गाई धापा टाकतात, खाणं सोडतात, दूध आटतं. पुदिन्यासारख्या झाडांचं तेल थेंब थेंब खाद्यात मिसळलं तर त्यांना आराम पडतो का, हे ती तपासत होती. एक ते सहा नंबरच्या गाईंना तेलाचं खाद्य, सात ते बाराला साधं. पण तीन आठवडे झाले तरी दोन्ही रांगांची सरासरी सारखीच! परवा संचालकबाई येऊन प्रयोग बंद करायचा का ते ठरवणार होत्या. काळजीपायी मावशीने सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो चहा पिऊनही टाकला!

सात नंबरची गाय मात्र आज मजेत रवंथ करत होती. भिंगरीने मोजलं, फक्त बावन्न! ती आणखी वाकली, तशी गाईने फुस्सकन तोंडावर श्वास सोडला.

“अय्या! हिने पेपरमिंट खाल्लंय!”

“काहीतरीच!” म्हणत चष्मिसने नाक पुढे केलं. गाईने त्याचा चष्मा चाटला. “...पुदिनाच आहे गं!”

तिघांनी बाराच्या बारा तोंडं हुंगून काढली. वास येत होता तो सात ते बारा नंबरच्या गाईंना. सगळं उलटंच!

तिघं धावत खाद्याच्या कोठारात गेले.

“चूक? माझ्या हातून?” कोठीवाले काका गरजले. “हिरवं झाकण तेलाच्या पिंपाला, पांढरं साध्याला. वीस वर्षांत चुकलो नाही!”

“पण काका, वास...”

“भुशाने माझं नाक बारा महिने चोंदलेलं. वासाचं मला सांगू नका!”

भिंगरीने टिल्लूला डोळा मारला.

“काका, गाईला वरचे पुढचे दात का नसतात?” टिल्लूने साळसूदपणे विचारलं.

झालं! काकांची कळी खुलली. ते सांगत बसले, तोवर दोघांनी झाकणं किलकिली करून पिंपं हुंगली. तेल पांढऱ्या झाकणाखाली होतं! त्या पिंपाच्या मागे चष्मिसने खडूने फुली मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पोत्यांआड दबा धरून बसले. काका शीळ घालत आले. त्यांनी दोन्ही झाकणं काढली, साबणाने लख्ख घासली, उन्हात वाळवली आणि जे हाताला लागलं ते, ज्या पिंपाला जमलं त्याला बसवून टाकलं. फुलीच्या पिंपावर आज हिरवं!

“पकडलं!” टिल्लू उडी मारून बाहेर आला. “काका, झाकणांनी घर बदललं!”

भिंगरीने दाखवलेली कालची फुली काकांनी वाकून बघितली. “स्वच्छता म्हणून रोज घासत होतो रे...”

मावशीला सांगताना त्यांचा आवाज पडला होता. मावशी म्हणाली, “चूक माझीही आहे. मी पिंपांवर कधी काही लिहिलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी आलेल्या संचालकबाईंना तिने काही न लपवता सांगितलं. त्यांनी भिंगरीची वही मागून घेतली.

“कालचं आणि परवाचं खाद्य नक्की माहीत आहे. दोन्ही दिवशी तेल खाल्लेली रांग शांत दिसते. पण दोन दिवसांवरून सिद्ध काहीच होत नाही.”

भिंगरीचा चेहरा उतरला.

“पुन्हा तपासावं असं मात्र नक्की वाटतं. पहिल्यापासून सुरू करा, मुदत देते.” बाई हसल्या. “तीन आठवडे आम्ही मोठी माणसं आकडेच बघत बसलो. या पोरांनी गाय बघितली. शाब्बास!”

मावशीने तिघांना एकदमच कवेत घेतलं. चष्मा वाकडा झाला, पण चष्मिसने तक्रार केली नाही.

दुपारी पिंपांवर ठळक अक्षरं रंगवून झाली. तरीही खाद्य काढायच्या आधी कोठाराच्या दारातून काकांची हाक आली,

“ओ भिंगरीताई! खात्री करायचीय, जरा नाक घेऊन या!”