हातोडी आणि शांतता

"अहो… अहो, ऐकताय का?"

असं तो म्हणे दारापासून ओरडत आला होता. मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. मी आपली त्या लांबलचक बोळकांडीतून तरातरा चालले होते. मग एकदम माझ्या उजव्या बाजूला कोणीतरी धापा टाकत आलं आणि माझा हातमोजा माझ्यासमोर धरला.

"पडला होता."

"मग हाक मारायची ना!"

"मारली की. अख्ख्या इमारतीनं वळून बघितलं. तुम्ही सोडून."

"हळू मारली असेल."

तो हसला नाही. त्यानं मान जरा वाकडी केली आणि माझ्याकडे बघितलं… म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या कानाकडे! आजवर मुलांनी माझ्या केसांकडे बघितलं होतं, ग्रीस लागलेल्या बोटांकडे तर सगळेच बघायचे. पण कानाकडे? इतक्या काळजीनं?

"काय बघताय?"

"काही नाही… धंद्याची खोड," असं पुटपुटून तो निघून गेला. मी मनात म्हटलं, विचित्रच आहे बाई.

तो दिवस आमच्या वैद्यकीय तपासणीचा होता. विमानाच्या शरीराची दुरुस्ती शिकवणाऱ्या त्या संस्थेत मला नुकताच प्रवेश मिळाला होता. शरीर म्हणजे बाहेरचा पत्रा आणि आतल्या फासळ्या. सामानाची गाडी आपटून दाराशी पोचा आला, पक्ष्यानं पंखाची कड चेपली, कुठे चीर गेली, की ती दुरुस्त करायची. इंजिनवाले वेगळे. प्रवेश मिळाला तरी डोळे आणि कान तपासून डॉक्टरांचा होकार यायचा बाकी होता. डोळे झाले. कानांच्या खोलीचं दार ढकललं, तर यंत्रामागे कोण बसलेलं?

"या, हातमोजावाल्या," तो म्हणाला.

कपाटाएवढ्या बंद खोलीत मला बसवून त्यानं माझ्या कानांवर ते जाडजूड हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानात बारीक टिव टिव झालं, मी पटापट बटण दाबलं. मग डावा. बराच वेळ काहीच नाही. यंत्र बिघडलं वाटतं, असं म्हणत मी काचेपलीकडे बघितलं. त्याचा चेहरा गंभीर. मी अंदाजानंच बटण दाबलं.

हेडफोनमधून त्याचा आवाज आला, "आत्ता का दाबलंत?"

"आवाज आला."

"मी दिलाच नव्हता."

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "लहानपणापासून कुठे काम करत होतात?"

आईबाबा गेल्यापासून मी मामाकडे. मामाचं गाड्यांचे पोचे काढायचं गॅरेज. शाळा सुटली की दप्तर मामीकडे आणि हातोडी माझ्याकडे. पत्रा ठोकताना कान त्याच्याजवळ न्यायचा, तो कुठे पोकळ बोलतो ते ऐकायचं, हे मामानंच शिकवलेलं. उजवा हात हातोडीवर, डावा कान पत्र्यावर. वर्षानुवर्षं.

"वरच्या पट्टीतले आवाज डाव्या कानाला कमी येतात," तो म्हणाला. "गेलेलं परत येत नाही. पण आहे ते टिकवता येतं."

"थोडं… वर-खाली नाही का लिहिता येणार?" मी अगदी गोड आवाजात विचारलं. मामी म्हणते, मी गोड बोलले की लोकांनी सावध व्हावं.

"नाही."

"एवढंसं?"

"एवढंसंही नाही."

डॉक्टरांनी मला घेतलं, पण अट घालून. कानाच्या मापाची बुचं बनवून घ्यायची, आवाजात ती कधीही काढायची नाहीत आणि सत्र संपताना पुन्हा चाचणी. कान आणखी उतरला तर शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा विसरायची. मी त्या मुलाला डोळ्यांनीच शिव्या दिल्या.

पण बुचं बनवणारा कोण? तोच!

कानात गार, मऊ लगदा भरून तो घट्ट होईपर्यंत जबडा हलवायचा नसतो. म्हणजे बोलायचं नाही, हसायचं नाही. मला गप्प बसवून हा मात्र सुरू.

"एकदा एक आजोबा आले. मी विचारलं, ऐकू येतं का? म्हणाले, बायकोचं सोडून सगळं येतं."

माझे ओठ थरथरले.

"आजी बाहेरून म्हणाल्या, ह्यांना जिलेटिनची कांडी फुटली तरी…"

मी फिस्सकन हसले.

"साचा बिघडला," तो शांतपणे म्हणाला. "पुन्हा भरावा लागेल."

दुसराही बिघडला. तिसऱ्या वेळी त्याच्या बोटांनी माझ्या कानामागची बट अलगद बाजूला केली, तेव्हा मला हसूच आलं नाही… काहीतरी वेगळंच झालं. तो साचा मात्र पहिल्या फटक्यात जमला.

प्रशिक्षण सुरू झालं. आमच्या सरांना सगळे मिलीमीटर म्हणायचे, कारण त्यांच्या तोंडी दुसरं माप नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक चेपलेला पत्रा पुढे ठेवला आणि मी सवयीनं हातोडी उचलून दोन ठोके घातले. सर असे ओरडले की बुचांमधूनही ऐकू आलं.

"ठोकायचं नाही! हा गाडीचा पत्रा नाही. ठोकून वर दिसायला सरळ होईल, आतून मेलेला असेल."

त्या दिवसापासून मी वर्गाची 'हातोडी' झाले. इथे खराब भाग कापायचा, मोजायचा, ठिगळ म्हणजे पॅच बेतायचा, भोकं पाडून तो रिव्हेटच्या खिळ्यांनी बसवायचा. माझा पहिला पॅच इतका देखणा झाला की मी मामीला दाखवायला फोटो काढला. सरांनी पट्टी लावली. शेवटच्या ओळीतले रिव्हेट कडेच्या फार जवळ बसले होते. "इथून फाटणार," म्हणत त्यांनी तो भंगारात टाकला. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी पहिल्यांदा पट्टी घेऊन बसले.

आणि तो? विमानं उभी करायच्या हँगरमधला आवाज मोजणं हेही त्याचंच काम होतं. हातात एक लहानसं यंत्र घेऊन यायचा. आधी महिन्यातून एकदा येत असे म्हणे. आता आठवड्यातून दोनदा. सगळ्यांना तो "शांतता राखा, आकडा घेतोय," असं सांगायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'शांतता'. हातोडी आणि शांतता! पोरांना आयतंच कोलीत मिळालं. शेवटी मिलीमीटर सरही म्हणाले, "बाळ, आवाज परवा होता तेवढाच आहे. आणि मोजायचं यंत्र चालू करत जा."

चहाच्या सुट्टीत तो माझ्याशेजारी टेकला. कान लाल.

"आज काय शिकलीस?" कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"चीर कशी थांबवायची ते. तिच्या टोकाला बारीक गोल भोक पाडायचं. मग ती पुढे सरकत नाही."

"म्हणजे मोडलेलं थांबवायला आणखी मोडायचं?"

"नेमक्या जागी, नेमकं तेवढंच. आणि मग वरून पॅच."

"छान आहे," तो म्हणाला. मग चहात बघत, "तुला सांगायचं होतं… तो दुसरा साचा बिघडला नव्हता."

"काय?"

"चांगला होता. अगदी उत्तम."

"मग मला पुन्हा का—"

घंटा झाली. मी उठले. दिवसभर ड्रिल चालवताना माझं हसू काही केल्या आवरेना.

सत्र संपत आलं. चाचणीच्या आदल्या दिवशी मामाचा खांदा धरला. गाडीचा मालक दारात उभा, रात्री त्याच गाडीनं त्याला कुटुंबाला घेऊन निघायचं होतं. मामा एका हातानं धडपडत होता. मी बघत कशी बसणार? घेतली हातोडी. बुचं होती कानात, पण मामाच्या सूचना कळेनात, म्हणून काढून खिशात टाकली. गाडीच्या दरवाज्याचा पोचा झकास निघाला. आणि माझ्या कानात, झोपेपर्यंत, एक बारीक शिट्टी.

सकाळी मी त्याच्यासमोर बसले. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "काल मोठ्या आवाजात होतीस?"

'नाही' जिभेच्या टोकावर होतं. ओठ उघडले… आणि त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलवेना.

"होते. दुपारभर. बुचांशिवाय."

त्याचा चेहरा पडला. "का गं?"

"मामा होता रे."

त्यानं यंत्र बंद केलं. "थकलेल्या कानाची चाचणी खरी येत नाही. आज घेतली तर तू बाद होशील. नियमात विश्रांती द्यायची सोय आहे. डॉक्टरांना विचारून येतो."

बऱ्याच वेळानं परत आला. "परवा. तोवर गॅरेजकडे फिरकायचं नाही. आणि…" तो दाराकडे बघत म्हणाला, "चाचणी मी घेणार नाही. आमच्या खात्यातल्या काकू घेतील."

"तू का नाही?"

"बरं दिसणार नाही."

"काय बरं दिसणार नाही?"

तो कागदांची चळत उगाच नीट करत राहिला. मला वाटलं, चिडलाय. इतकं समजावून मी बुचं काढली, मग चिडणारच. दोन दिवस घर शांत होतं. मामीनं कुकरसुद्धा माझ्या धाकानं मागच्या अंगणात लावला. पण माझ्या मनात नुसता गलबला.

काकू त्याच्या खात्यातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी मला त्या कपाटात बसवलं. मी डोळे मिटले आणि जे खरंच ऐकू आलं, तेवढ्यालाच बटण दाबलं. बाहेर आले तेव्हा त्या चष्म्यावरून बघत होत्या.

"होता तसाच आहे. एक रेषही उतरलेला नाही. जा, परीक्षा दे."

मी मटकन खुर्चीत बसले. "काकू, तो… माझ्यावर रागावलाय का?"

"राग?" काकू खो-खो हसल्या. "अगं, मी तिथेच होते. डॉक्टरांनी विचारलं, तू का घेत नाहीस? तर म्हणाला, तिच्या बाबतीत माझा हात सरळ राहायचा नाही. मला ती पास व्हायला हवी आहे. इतकी हवी आहे, की न दिलेला आवाजही तिला ऐकू आला असं मी लिहीन."

मी तिथून कशी निघाले, जिना कसा उतरले, काही आठवत नाही.

तो इमारतीमागे स्कूटर पुसत उभा होता. चकचकीत स्कूटर, तरी पुसतच होता. मला बघून फडकं तसंच हातात राहिलं.

"काय झालं?"

"आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर. चाचणी का नाही घेतलीस?"

"सांगितलं ना, बरं—"

"काकूंनी सांगितलंय सगळं."

तो गोरामोरा झाला. जगभरातल्या आजोबांचे किस्से सांगणारा हा प्राणी आता फडक्याची घडी घालू लागला. वाऱ्यानं झाडाची पानं सळसळली, मी ती स्पष्ट ऐकली. वाट बघितली. बघितली… आणि मला आयुष्यात वाट बघणं कधी जमलेलं नाही.

"पास झाले," मी म्हणाले. "आणि तू मला आवडतोस. खूप. आता तुझं बोल."

"मला…" त्यानं एक पाऊल पुढे टाकलं, त्याचा गुडघा स्कूटरला लागला, ती डुगडुगली, आणि आम्ही दोघं पकडेपर्यंत धाडकन आडवी झाली.

दोघंही खाली वाकलो. डोकी आपटली. हसू येऊ लागलं ते थांबेचना. हसता हसता त्यानं माझा हात धरला आणि मग सोडलाच नाही.

"मला तू पहिल्या दिवसापासून आवडतेस," तो अखेर म्हणाला. "त्या खोट्या बटणापासून."

स्कूटर उचलली. मडगार्डला हा एवढा पोचा. मी बोटं फिरवून बघितली.

"मामाकडे चल. चटकन निघेल. तोच ठोकेल, मी लांब उभी राहीन."

"आत्ता? मामांकडे?" त्यानं पोचा तळव्यानं झाकला. "काय सांगू त्यांना? कसं झालं म्हणून?"

"खरं ते सांग," मी म्हणाले आणि मागे बसले. "पडलास म्हणून."