दोन बारीक, एक जाड

सानगडीत पंचफुलाबाई आणि आनंदाबाई यांच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून डोकावल्याशिवाय पंचफुलाबाईंचा दिवस काही सरत नाही. त्या सायंकाळी त्या विरजण मागायला म्हणून डोकावल्या आणि वाटी हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.

ओसरीवर दीपमाला भावाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. बाजेवर तिची आई, आनंदाबाई. धानाच्या रोवणीची शेकडो गाणी त्यांना पाठ. हेमराज, त्यांचा मुलगा, ती गाणी फाईलीत उतरवत होता. मागच्या श्रावणात तो तलावात पोहायला गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून आनंदाबाईंची आठवण विरत चालली होती. आहे तोवर उतरवून घ्या, असं साकोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाणी गेली की आईही गेली, हे दीपमालाला कळत होतं.

"एवढं काय लिहून राहिली वो, फाईल उघडाले?"

"दादाच्या लॅपटॉपात काळा पडदा आहे, काकू. सारा हुकूम लिहूनच द्या लागते. त्यानं फोल्डरात फोल्डर ठेवले. पुरा रस्ता लिहीपर्यंत आईच्या डोक्यातून ओळ निघून जाते."

"मंग छोटं कर ना."

"तेच करून राहिली. लांब हुकुमाले टोपणनाव देता येते. बारका शब्द लिहिला का फाईल उघडली. सांगा, काय ठेवू?"

शिकलेल्या पोरीनं आपल्याला विचारलं, याचंच पंचफुलाबाईंना अप्रूप. "'ये' ठेव. कोनाले बलावाचं तं आपन 'ये'च म्हनतो."

दीपमाला हसली. श्रावणानंतर पहिल्यांदाच. सेटिंगच्या फाईलीत तिनं एक ओळ घातली, मग नवा शब्द लिहून पाहिला. इंग्रजी दोन अक्षरं आणि शेवटी एंटरची मोठी कळ. टक, टक... ठक. फाईल उघडली.

मग रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून तो आवाज येऊ लागला. दोन बारीक, एक जाड. मागोमाग आनंदाबाईंचा थरथरता सूर. चुलीपाशी बसून पंचफुलाबाई ऐकत. शब्द आपण दिला, याचं त्यांना मनातून बरं वाटे.

महिनाभरानं एकदा दीपमाला साकोलीला गेली. आईकडे लक्ष ठेवा, असं सांगून. दिवा लावताना पंचफुलाबाईंना आवाज ऐकू आला. टक, टक... ठक. बस लवकर आली वाटतं, म्हणून त्या भिंतीशी गेल्या.

ओसरीवर दीपमाला नव्हती. लॅपटॉप पाटावर उघडा, त्याच्यापाशी कोणी नाही. आनंदाबाई चपला घालून उंबऱ्यात उभ्या होत्या, तोंड तलावाच्या वाटेकडे.

"येतो..." त्या हळूच म्हणाल्या.

या भागात घराबाहेर पडताना बाईमाणूसही 'येतो'च म्हणते. 'जातो' कोणी म्हणत नाही. श्रावणातल्या त्या दिवशी मात्र हेमराज घाईत "जातो, आई" म्हणून निघाला होता. "येतो म्हन, बापू," असं आनंदाबाई दारातून ओरडल्या, तोवर तो वळणापार झाला होता. भिंतीवरून पंचफुलाबाईंनी ते ऐकलं होतं. बाकी गावभर सगळं सांगणाऱ्या त्या बाईनं एवढं एक मात्र कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या धावत गेल्या आणि आनंदाबाईंचा हात धरला. हात गार. कपड्यांना शेवाळाचा वास.

"कोठी चालल्या, बाई?"

"बापू बलावून राहिला. त्याले येता येत नाही म्हनते... 'जातो' म्हनून गेला ना. मलेच ये म्हनते."

तेवढ्यात बसनं दीपमाला आली. तिनं लॅपटॉप घेतला. आजवर दिलेले सारे हुकूम त्यात नोंदलेले असतात. ती वाचत राहिली, बोट थांबेचना. ये. ये. ये. पडद्यामागून पडदा भरून तेच.

"मी दिवसातून एकदा उघडतो, काकू... हे एवढं कोनं लिहिलं?"

पंचफुलाबाईंना आपण दिलेला शब्द आठवला.

दीपमालानं ती ओळ पुसली. 'ये' लिहून पाहिलं. असा हुकूम माहीत नाही, असं उत्तर आलं. तिनं लॅपटॉप हेमराजच्या दुपट्ट्यात गुंडाळला, लोखंडी पेटीत टाकला, कुलूप लावलं. चार्जर पंचफुलाबाईंकडे दिला. तो त्यांच्या स्वयंपाकघरात खुंटीला लटकतो आहे.

आता दीपमाला वहीत लिहिते. पण लिहायला फार उरलं नाही. आनंदाबाई गाणी विसरल्या, शेतातल्या बांध्यांची नावं विसरल्या. पंचफुलाबाईंनाही "तू कोन वो?" म्हणतात. दिवेलागणीला दीपमाला दाराला कडी घालते, आणि आत त्या रोज एकदा म्हणतात, "येतो."

परवा आनंदाबाईंना ताप होता. गोळीच्या गुंगीत त्या दुपारपासून झोपल्या होत्या. दीपमाला उशाशी. घर शांत. दिवेलागणीला पंचफुलाबाई आपल्या घरी तव्यावर भाकर टाकत होत्या.

टक. टक.

त्यांचा हात थांबला. आवाज भिंतीपलीकडून नव्हता. तो चार्जरच्या खुंटीकडून आला होता.

ठक.

"येतो," असं कोणीतरी अगदी जवळून म्हणालं. भाकर जळल्याचा वास आला तेव्हा पंचफुलाबाईंना कळलं, ओठ आपलेच हलले होते. त्या दारात उभ्या होत्या. पायांत चपला होत्या. त्या कधी घातल्या, ते त्यांना अजून आठवत नाही.