सोमवारच्या खाचा

केशवाचक यंत्राने यशवंत झगड्यांची खुर्ची काढून घेतली, तेव्हा साताऱ्याच्या श्रमस्वास्थ्य प्रयोगशाळेत सकाळचे अकरा वाजले होते. पडद्यावर तांबडी रेघ एकंदरीत वर चढत गेली होती. नियम स्पष्ट होता. सहा महिने मनोभार वाढतच राहिला, तर दोन वर्षं कात्री बंद.

"पण केशकर्तनकारांवरच एवढी नजर का?" नुकतेच रुजू झालेले डॉ. बागवान म्हणाले.

"आरशासमोर बसलं की माणूस पोटातलं सगळं बाहेर काढतो," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रेवती ओगले म्हणाल्या. "भांडणं, आजारपणं, सुनेच्या तक्रारी. हे ऐकून घेतात, आणि ऐकलेलं यांच्या अंगात मुरतं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो आणि वाढताना रक्तातला ताणरस साठवत जातो. सहा सेंटिमीटर केस म्हणजे सहा महिन्यांची रोजनिशी. तिला आपण केशलेख म्हणतो. ती खोटं बोलत नाही."

खोटं माणसं बोलतात, असं त्यांचं मत होतं. यशवंतराव समोरच बसले होते. तीस वर्षं त्याच एका खुर्चीमागे उभे राहिलेले गृहस्थ, आता स्टुलाच्या कडेवर टेकले होते.

"मॅडम, मी बरा हाय," ते म्हणाले. "तुम्ही सांगितल्यापासनं दर सोमवारी दुकान बंद असलं की डोंगरावरच्या देवराईत जातोय. तीन महिने झाले. झाडाखाली बसतो. तिथं कुणी काय सांगत न्हाई, कुणी काय इचारत न्हाई. झोप लागती. परवा दाढी करताना शीळ घालीत होतो. खुर्ची काढली तर मी करू काय?"

रेवतीबाईंना वाईट वाटलं. देवराईचा उपाय त्यांचाच होता आणि तो फसला होता.

बागवान पडद्याला नाक लावून उभे होते. "या खाचा बघा. बरोबर सात-सात दिवसांच्या अंतराने भार खाली येतोय. पण या जुन्या भागात आहेत, सहा ते तीन महिन्यांपूर्वीच्या. तेव्हा तर हे डोंगरावर जातच नव्हते!"

यशवंतराव उठले. "केसाचं मूळ कुठल्या बाजूला धरलंय?"

"तबकातल्या लाल खुणेकडे," रेवतीबाई म्हणाल्या. " बट तर तुम्हीच कापून ठेवलीत. दुसऱ्याची कात्री डोक्याला लावू दिली नाहीत."

यशवंतरावांनी तबकातला एक केस तसाच चिमटीत उचलला आणि अंगठ्याने बोटावर चोळला. केस हळूहळू सरकू लागला, लाल खुणेच्या उलट दिशेला.

"चोळला की केस मुळाकडं सरकतो. पोराटोरालाबी ठावं असतं आमच्यात." त्यांनी कपाळावर हात मारला. "मीच उलटी ठेवली! आम्ही टोकाकडनं मोजतो, मॅडम. एक बोट कापू का दोन बोटं, ते टोकाकडनंच. हात सवयीनं गेला."

बागवानांनी बट फिरवून ठेवली. यंत्र पुन्हा घरघरलं. तीच रेघ आता वरून खाली उतरत आली, आणि शेवटच्या तीन महिन्यांत सोमवारच्या खाचा ओळीने उमटल्या. रेवतीबाईंनी सोडलेला सुस्कारा बाहेरच्या शिपायालाही ऐकू गेला असेल. यशवंतरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"थांबा," बागवान म्हणाले. संशोधकाला सुख बघवत नाही. "एका सोमवारी खाच नाही. उलट टेंगूळ आहे! अख्ख्या केसात एवढा भार कुठेच नाही. महिन्यापूर्वी. त्या दिवशी देवराईत काय झालं?"

यशवंतराव छताकडे बघू लागले.

"सांगा ना. अहवालासाठी हवंय."

"गिऱ्हाइकाचं बाहेर सांगत नसतो, साहेब."

"देवराईत कसलं गिऱ्हाईक?"

रेवतीबाईंचे कान लाल झाले. "मी होते," त्या म्हणाल्या. "जागेची पाहणी करायला गेले होते. जाताना सासूबाईंचं सांगितलं. वर बसल्यावर बढतीचं. उतरताना... मुलाचं लग्न."

आधी यशवंतराव हसले, आणि मग बाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी अहवाल ओढून घेतला, खुर्ची कायम ठेवण्याची शिफारस लिहिली, सही केली आणि खाली एक अट जोडली: 'देवराईत जाताना सोबत तज्ज्ञ नेऊ नये.'