कोलेटच्या नावावरची हरणं

शिकारीचा हंगाम सुरू झाला त्याच शनिवारी कोलेट हॅफर्ड मचाणाखाली मेलेली सापडली. शेजारी बंदूक होती. मचाणावरून घसरली, गोळी सुटली, असं शेरीफने ठरवलं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला असे अपघात होतात. कोणी फार खोलात गेलं नाही.

गेली ती फक्त तिची बहीण रेने. खासगी तपास करणाऱ्या अ‍ॅडेल कॉरिवोच्या स्वयंपाकघरात ती हातमोजेही न काढता बसली. कोलेटची मुलगी जोसी तिच्याकडे होती आणि सोमवारी बापाकडे परत जाणार होती. तीन वर्षांपूर्वी या बापाने, वेड त्याचं नाव, दार असं ढकललं होतं की दाराआडच्या कोलेटचा उजवा खांदा मोडला. बेपर्वाईने इजा केल्याचा गुन्हा त्याने कबूल केला. तेव्हापासून बंदूक बाळगायला त्याला कायद्याने बंदी होती.

"त्यानंतर तिची वेणी मीच घालायचे," रेने म्हणाली. "मी नसले तर जोसी."

अ‍ॅडेलबरोबर नॉर्मन प्लूर्ड असे. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला, भला, जरा मंद.

घरी आलेल्या दोघांना वेडने कॉफी दिली. कप टेबलावरच मांडलेले होते. वरची कपाटं रिकामी पाहून नॉर्मनला त्याची दया आली.

"बंदूक तिची, शिकारही तिची," वेड म्हणाला. "दर वर्षी तीच चढायची. मी घरी होतो. दार ढकललं म्हणून जन्मभर बंदूक नाही मला. मुद्दाम थोडंच मारलं होतं?"

मचाण घरामागच्या झाडावर होतं. खोडाला ठोकलेल्या फळ्या एकमेकींपासून इतक्या लांब होत्या की नॉर्मन दोन्ही हात डोक्यावर नेऊन, लोंबकळत, धापा टाकत चढला. अ‍ॅडेल खालून नुसती बघत राहिली.

मारलेलं प्रत्येक हरीण बर्ट सिरोआच्या दुकानात नोंदवावं लागे. तिथल्या भिंतीवर तीन वर्षांचे तीन फोटो होते. तिन्हींत कोलेटने डाव्या हाताने शिंगं धरली होती. उजवा हात कोटाच्या खिशात. दाराच्या धक्क्यापायी माणसाची बंदूक काढतात, मग हिवाळ्यात त्याच्या पोरांनी खायचं काय, असं बर्ट कुरकुरला. मग सावरून म्हणाला की कोलेटचा नेम चांगला होता.

रविवारी दुपारी रेनेच्या घरी कुट्टूची धिरडी होती. कोणी खाल्ली नाहीत. जोसी बाहेर बर्फात होती.

"जिला स्वतःची वेणी घालता येत नाही," अ‍ॅडेल म्हणाली, "वरच्या फळीवरचा कप काढता येत नाही, ती त्या झाडावर चढली कशी?"

नॉर्मनने स्वतःच्या खांद्याला हात लावला.

"ती कधीच चढली नाही. तीन वर्षं वेडनेच हरणं मारली, नोंदवली हिच्या नावावर. सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याला सांभाळायला सगळे एकच खोटं बोलत आले, की कोलेट शिकार करते. शनिवारी तेच खोटं त्याच्या कामी आलं. वेडने स्वतः मोडलेल्या खांद्याचा शेरीफला विसर पडला."

"म्हणजे जोसी माझ्याकडेच राहील?"

"बंदूक बाळगल्याबद्दल तो आत जाईल. काही वर्षं. गोळीचं विचारलं तर म्हणेल, बंदूक माझ्या हातात होती, चुकून सुटली. मुद्दाम नव्हतं." अ‍ॅडेलने ताटली बाजूला सारली. "पुन्हा बेपर्वाईच."

"आणि मग सुटेल."

"हो. पण आधी कोणीतरी शेरीफला सांगायला हवं की हरणं वेडची होती. बर्ट सांगणार नाही."

रेने उठली आणि तिने मांसाचा फ्रीजर उघडला. तळाशी कागदात गुंडाळलेली हरणाची तंगडी होती. गेल्या वर्षीची.

"वेडच आणून द्यायचा," ती म्हणाली. "वेणी घालता घालता मी कोलेटला म्हणायचे, तुझा नेम छान गं. ती हसायची."

नॉर्मनला या वेळी अ‍ॅडेलच्या आधी कळलं, आणि त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"सांगते मी," रेने म्हणाली. "आता सांगते."