पिठाचा हात

त्या संध्याकाळी इरावती सराफ्यात गेली ती फक्त तयार झालेली डिस्क आणायला. दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडत होती, खाली रात्रीच्या खाऊच्या गाड्या लागून तुपाचा वास सुटला होता. वरच्या खोलीत ती आणि देवेंद्र जुने विनोदी मराठी चित्रपट साफसूफ करून घरी बघायच्या डिस्कसाठी तयार करत. हसवायचा धंदा, त्यात भ्यायचं ते काय?

या चित्रपटात मात्र तिचा जीव अडकला होता. तिचे वडील चिंतामण ती पाळण्यात असतानाच गेले. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता. पडद्यावर ते एकदाच आले, तेही खोटं भूत होऊन. आई सांगायची, तोंडाला पीठ फासलेलं ते भूत भिंतीपाशी निमिषभर दिसायचं, नाहीसं व्हायचं, आणि शेवटी नायकाच्या खांद्यावर पिठाचा हात ठेवून पुन्हा गायब. वडील पहिल्यांदा बघायचे ते आईबरोबरच, म्हणून तिने तो प्रसंग देवेंद्रवर सोपवला. हाताने साफ कर, असं बजावलंही होतं. कारण मशीन बिनडोक. मागच्या-पुढच्या चित्रांत नसलेलं जे दिसेल ते धूळ समजून पुसून टाकतं.

"ताई, तुमचे बाबा म्हणजे माझे बाबा," देवेंद्र म्हणाला होता. दर राखीला ती त्याला ओवाळायची.

घरी आईला जवळ बसवून तिने डिस्क लावली. नायक कोऱ्या भिंतीकडे बघून थरथरत होता. मग त्याच्या सदऱ्याचा खांदा आपोआप दबला.

"अगं, इथंच होते ना ते…" आई पुटपुटली.

इरावतीने देवेंद्रला फोन केला.

"मशीनवर लावून दिलं, ताई. टाइमच नव्हता. सोचा, कोण बघतंय इतकं…"

कॉम्प्युटरमधली मूळ प्रत त्याने जागेसाठी पुसली होती. चिकटलेली, सिरक्यासारखा आंबूस वास मारणारी रिळं तर कधीच फेकून दिली होती. केसाने गळा कापला म्हणतात तो असा. रात्रभर तिला रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाब विचारायला ती जिना चढली. खोलीत अंधार होता आणि तोच आंबूस वास, रिळं नसतानाही. देवेंद्र कोपऱ्यात उभा होता, काल नायक थरथरत होता तसा.

"लाइट नका लावू, ताई… ते दिसतात… जातात… परत दिसतात…"

तिने पाहिलं. नुसती भिंत.

भांडायला आलेली इरावती हळूच म्हणाली, "कसे दिसतात रे?"

"नाक तुमचंच आहे…"

"बाबा," तिने हाक मारली. देवेंद्रचा खांदा खाली दबला आणि त्याच्या काळ्या शर्टावर पाच पांढरी बोटं उमटली. इरावतीने आपला खांदा पुढे केला आणि दिवेलागणीपर्यंत तशीच उभी राहिली. तिच्या ओढणीला काही लागलं नाही. ज्याने त्यांना पुसलं, त्यालाच ते दिसले. याचा राग देवेंद्रवर काढायचा की बाबांवर, तेही तिला कळेना.

हल्ली ती रोज काळी ओढणी घेऊन तिथे जाते आणि कोरीच परत येते.

परवा धुण्याला काढलेल्या आईच्या पदरावर, खांद्यापाशी, पीठ दिसलं. आई नजर चुकवत म्हणाली, पोळ्या लाटल्या होत्या. गेल्या दिवाळीपासून गुडघ्यांमुळे आई स्वयंपाकघरात पाय ठेवू शकलेली नाही.