डी ड्राइव्हमधली भेग

मोबाइल ठेवा बाजूला. रेश्मा, तुझाही. विनीत, दार ओढून घे, कडी नको लावूस. आणि मधेच "काका, खरंच का?" असं विचारायचं नाही. हे माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराचं आहे. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही, आणि खरं सांगताना डोकं फिरतं, म्हणून इतके दिवस तोंड मिटून होतो.

तारीख सतरा ऑक्टोबर, दोन हजार पंचवीस. शुक्रवार, वसुबारस. आमचा प्रवीण दुपारी तीनच्या सुमारास महाडहून मोटरसायकलवर निघाला. काम साधंच होतं. पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या पुढे चढ चढून गेलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही, आपल्या सोयरिकी आहेत तिकडे. तिथल्या ग्रामपंचायतीत चार जुने कॉम्प्युटर होते. त्याच आठवड्यात जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले आणि नवी विंडोज त्या डब्यांवर चढेना. भंगारात निघाले होते. प्रवीण म्हणाला, थांबा, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, कुणाच्या बापाची मालकी नाही, दहा-बारा वर्षांच्या मशीनवरही पळतं.

खोटं नाही ते. मीच शिकवलं त्याला. टायपिंगची इन्स्टिट्यूट गुंडाळून मी कॉम्प्युटरकडे वळलो तेव्हा पहिला विद्यार्थी हाच. एकवीसच्या पुरात बाजारपेठ बुडाली, तेव्हा चिखलातल्या हार्ड डिस्क साफ करून, सुकवून यानं कितीतरी घरांच्या लग्नाचे फोटो परत मिळवून दिले. लोक रडायचे याच्यासमोर. म्हणून तर जास्त संताप येतो. ज्याला येत नाही, त्याला माफ करता येतं. याला येत होतं. माझा एकच नियम होता, आधी प्रत घ्या, मग हात लावा. तो त्यानं माझ्या तोंडून शंभर वेळा ऐकला होता.

ऑफिस उघडून दिलं गीताबाईनं. ती तिथं झाडलोट करते. तिची मुलगी, प्रियदर्शिनी, त्याच ऑफिसात ऑपरेटर होती. त्यांच्या बौद्धवाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडली आहे. एकवीस सालच्या दरडींनंतर आपल्या भागात भेग म्हटलं की झोप उडते, ते तुम्हाला सांगायला नको. वाडी हलवा म्हणून अर्ज गेला. उत्तर आलं, भेग जुनी आहे, वाढते याला पुरावा काय? मग ही पोरगी दोन पावसाळे दर रविवारी वर चढली. भेगेवर फूटपट्टी धरायची, फोटो काढायची आणि सोमवारी ऑफिसच्या मशीनमध्ये ठेवायची. डी ड्राइव्हमध्ये. आपल्याकडे सगळ्यांना हेच शिकवलेलं असतं ना, सी उडाला तरी डी राहतो.

चोवीसच्या सप्टेंबरात फोटो काढून उतरताना तिचा पाय घसरला. ती ओढ्यात सापडली. मोबाइल सापडला नाही. पुढं तिचं मशीनही चालू होईना, आणि वर्षभर त्याला कुणी हात लावला नाही. दिवाळीनंतर पाहणीला सरकारी माणसं येणार होती, आणि त्यांना दाखवायला वाडीकडे त्या फोटोंशिवाय दुसरं काही नव्हतं.

"प्रवीणदादा," गीताबाई म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या डब्यात माज्या पोरीचे फोटू हायेत. डी का काय म्हनायची ती. तेवढं सांभाळ रे बाबा."

"मावशी, डीला काही होत नाही. तुम्ही जा, जेवून या."

"काय नाय ना व्हनार?"

"नाही हो. सांगितलं ना एकदा."

तीन मशीन रात्री आठपर्यंत झाली. चौथं तिचं. विंडोज मेलेली असली तरी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं की जुनी डिस्क उघडून बघता येते. त्यानं बघितली. डी उघडला. 'डोंगर' नावाचं फोल्डर होतं, आत चाळीसेक फोटो, प्रत्येकावर तारीख. पहिल्या फोटोत भेग दोन बोटं. शेवटच्या फोटोत फूटपट्टी आडवी धरली तरी पलीकडच्या कडेला टेकत नव्हती.

हे सगळं त्यानं बघितलं. डोळ्यांनी बघितलं!

प्रत घ्यायला दुसरा पेनड्राइव्ह हवा होता, तो आणला नव्हता. मोबाइलची केबल गाडीला अडकवलेल्या बॅगेत होती. बाहेर जायचं, आणायची, जोडायची. फार तर पंधरा मिनिटं. घरी बायको, सेजल, जेवायची थांबली होती, उतारावर धुकं यायला लागलं होतं, आणि याला कंटाळा आला. ऐकताय ना? कंटाळा. कुणाशी वैर नाही, कुणाची लाच नाही, वरून दबाव नाही. नुसता कंटाळा! या कंटाळ्यानं आपल्याकडे जेवढी माणसं मारली असतील, तेवढी पुरानं मारली नसतील.

स्क्रीनवर दोन वाटा होत्या. एकीत जुनं ठेवून बाजूला नवं टाकता येतं, पण वेळ लागतो. दुसरी म्हणजे संपूर्ण डिस्क पुसून टाका. सी, डी, सगळं. त्यानं दुसरी धरली. मशीननं पुन्हा विचारलं, नक्की पुसायचं? त्या फुकटच्या सॉफ्टवेअरला जेवढी काळजी होती, तेवढीही आमच्या शहाण्याला नव्हती. आठ वाजून बावन्न मिनिटं. त्यानं बटण दाबलं.

त्याच क्षणी मागून पांढरा उजेड पडला. स्क्रीनवर, टेबलावर, त्याच्या हातावर. एकदाच.

वीज चमकली असेल, असं त्याला वाटलं. गडगडाटाची वाट बघितली. तो आला नाही.

वाडीचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही भुतात रमाल आणि माणसं विसराल. पाहणी झाली. पुरावा नाही म्हणून वाडीचं नाव हलवायच्या यादीत गेलं नाही. एकोणीस घरं अजून त्या भेगेखाली झोपतात. आत्ता, आपण इथं बसलोय तेव्हाही. प्रवीणनं हे सगळं माझ्यासमोर बसून रडत रडत सांगितलं, तेव्हा मी आधी त्याच्या कानाखाली वाजवली आणि मग पाणी दिलं. पाणी द्यायला नको होतं, असं अजून वाटतं.

तर... लाइट गेली.

यूपीएस बीप करायला लागला. ऑफिसात काळोख, फक्त स्क्रीन उजळ. ऑफिसच्या माणसांना बरं पडावं म्हणून त्यानं भाषा मराठी निवडली होती. पुढचा प्रश्न आला.

तुम्ही कोण आहात?

नेहमीचाच प्रश्न. वापरणाऱ्याचं नाव टाकायचं असतं. हजार वेळा टाकलेलं. पण बोटं हलेनात.

बीप.

मागं खिडकीशी कुणीतरी होतं. आवाज नव्हता. पण होतं... रागानं कुणी बघत असलं की मानेला कळतं. तसं.

"कोण आहे?"

बीप.

"मावशी?"

...

तो उठला. मोबाइलचा टॉर्च लावला. खिडकीतून बाहेर धरला. कुणी नाही. खाली सरळ दरी. चाळीस फुटांवर ओढा. पाय टेकायला वीतभर जागा नाही.

परत येऊन बसला. कसंबसं ऑफिसचं नाव टाइप केलं. पुढे दाबलं. पुन्हा मागं वळला नाही. लाइट आली तरी वळला नाही.

साडेनऊला गीताबाई आली. हातात डबा होता. याच्यासाठी भाकरी आणि सुकट आणली होती तिनं.

"झाला का रे? फोटू हायेत ना?"

निदान आता तरी खरं बोलावं? छे. "मावशी, डिस्क आधीच गेली होती. आत काहीच नव्हतं."

तिनं डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "दाव मला."

"काय दाखवू? रिकामं आहे."

"रिकामं तरी दाव."

त्यानं नवी सिस्टीम उघडली. कागदपत्रे. रिकामं. संगीत. रिकामं. चित्रे...

एक फोटो होता.

आत्ता टाकलेली सिस्टीम. नेट नाही. मशीनला कॅमेरा नाही.

उघडला. एका माणसाची पाठ. खुर्चीत बसलेला. शर्ट प्रवीणचा. खिडकीच्या गजांमधून काढलेला, बाहेरून. पुढं स्क्रीन. स्क्रीनवर पुसून टाकायचं बटण, आणि बाण त्याच्यावर. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. वेळ आठ बावन्न.

"मावशी, मी..."

तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती फोटोच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथं कॅमेऱ्यावर बोट आलं होतं. अर्धवट, पुसट. नखात लाल माती.

गीताबाईनं हात पुढं केला. काचेवर, त्या बोटावर, आपलं बोट ठेवलं.

"कितीदा सांगितला," ती म्हणाली, "तरी बोट मधी आनायची सवय गेली नाय गो तुजी."